मेनफ्रेमच्या पोटातला लिनक्स
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'कर्नल' म्हटलं की आपल्याला लष्करातले कर्नलसाहेब आठवतात. मी आज ज्या कर्नलविषयी बोलणार आहे तो निराळा. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ गर. बदामाचं टणक कवच फोडल्यावर आत जे हाती लागतं, ते. कॉम्प्युटरमध्येही असा एक गर असतो. पडद्यावर आपल्याला चित्रं दिसतात, खिडक्या उघडतात, पत्रं लिहिता येतात, पण त्या सगळ्याच्या मुळाशी एक प्रोग्रॅम अखंड जागा असतो. कुणाला किती मेमरी द्यायची, कुणाचं काम आधी करायचं, डिस्कवरचं कुठलं पान कुणाला दाखवायचं, हे तो ठरवतो. त्याचं नाव कर्नल. आणि या कर्नलच्या पदरी दुभाषे असतात. डिस्कशी बोलणारा एक, नेटवर्कच्या कार्डाशी बोलणारा दुसरा. त्यांना आम्ही ड्रायव्हर म्हणतो. दुभाषा नसेल तर कितीही महागडं यंत्र जोडा, कर्नलच्या लेखी ते मुकंच.

लिनक्स या व्यवस्थेचा कर्नल सगळ्यांना वाचायला खुला आहे. तो सी नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. माणसाला वाचता येणारा हा मजकूर यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत उतरवावा लागतो. या कामाला कंपाइल करणं किंवा बिल्ड करणं म्हणतात. ते सुरू करण्यापूर्वी एक लांबलचक प्रश्नपत्रिका सोडवावी लागते. हे हवं का, ते हवं का? उत्तरं तीनच: हो, नाही, किंवा 'मॉड्यूल म्हणून', म्हणजे वेगळं बांधून ठेवा, लागेल तेव्हा आत घेऊ. घरच्या पीसीवर हौशी मंडळी हे काम रविवारच्या दुपारी करत. चुकलं तर मशीन पुन्हा सुरू करायचं, जुना कर्नल निवडायचा आणि चहा प्यायचा. हेच काम मेनफ्रेमवर केलं तर काय होतं, ते मी सांगणार आहे, कारण माझी बरीच वर्षं त्या दुरुस्तीत गेली.

मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांचे हिशेब वाहणारं मोठं यंत्र. 7 एप्रिल 1964 रोजी आयबीएमने सिस्टीम/360 जाहीर केली. 360 अंश, म्हणजे सर्व दिशांची कामं करणारी. तेव्हापासून या घराण्याने एक वचन पाळलं आहे. जुन्या यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालला पाहिजे. घरातल्या माळ्यावर आजोबांच्या काळच्या वस्तू जशा तशाच राहतात, तसं या यंत्राच्या पोटातही बरंच काही राहून गेलं. पुढे आमच्या कामात त्याच वस्तू पायात येत.

लिनक्सचा जन्म 1991 चा, फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याच्या हातून, साध्या 386 पीसीसाठी. पीसीवर वाढलेलं हे पोर मेनफ्रेमवर नेण्याची कल्पना आधी लिनास वेपस्टास या गृहस्थांनी मनावर घेतली. त्यांच्या प्रकल्पाचं नाव बिगफूट. त्याच सुमारास जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या ब्योबलिंगेन गावी आयबीएमच्या प्रयोगशाळेतले काही इंजिनिअर हेच काम वेगळ्या मार्गाने करत होते. डिसेंबर 1999 मध्ये त्यांनी आपलं काम सर्वांसाठी खुलं केलं आणि पुढे तेच रूढ झालं. अमेरिकेतल्या पकिप्सी गावच्या मारिस्ट कॉलेजमधून ते लोकांना उतरवून घेता येऊ लागलं.

मेनफ्रेमवर झेड/व्हीएम नावाची एक व्यवस्था असते. ती एका यंत्राची अनेक आभासी यंत्रं करते. प्रत्येकाला वाटतं, सगळं मशीन माझंच. आम्ही त्यांना 'पाहुणे' म्हणतो. डेव्हिड बॉइस यांनी 2000 साली एका मेनफ्रेमच्या एका भागात असे किती लिनक्स पाहुणे मावतात ते करून पाहिलं. आकडा निघाला 41,400. तेव्हा जगभरच्या कॉम्प्युटर खात्यांत लोकांनी भुवया उंचावल्या. पाच-पन्नास सर्व्हर ठेवायला खोल्या पुरत नव्हत्या, आणि इथे एका कपाटात चाळीस हजार.

आता अडचणींकडे येऊ. नवा पाहुणा पहिल्यांदा सुरू करायचा कसा? पीसीला आपण सीडी दाखवायचो. मेनफ्रेमच्या पाहुण्याला दाखवायची पंच कार्डं! खरीखुरी पुठ्ठ्याची नव्हेत. प्रत्येक पाहुण्याला एक आभासी कार्ड-वाचक आणि एक आभासी कार्ड-छिद्रक मिळतो. लिनक्सचा नवाकोरा कर्नल आधी त्या छिद्रकातून 'कार्डांवर' पाडायचा, गठ्ठा वाचकात ठेवायचा आणि पाहुण्याला सांगायचं, इथून सुरू हो. आयबीएमचं 80 रकान्यांचं कार्ड 1928 सालचं. म्हणून कर्नलची फाइल पाठवताना तिचे बरोबर 80 बाइटांचे तुकडे पडतील अशी सूचना द्यावी लागे. ती सूचना राहिली, की पाहुणा सुरू होताहोताच गप्प. काय चुकलं, कुठे चुकलं, काही बोलायचा नाही. सोर्स कोड बरोबर, कंपायलर बरोबर, प्रश्नपत्रिकाही बरोबर. चूक फक्त कार्डाच्या मापाची. मला पहिल्यापहिल्यांदा आलेल्या तक्रारींत ही तक्रार वारंवार असे.

दुसरी गोष्ट लिपीची. पीसीवर इंग्रजी 'ए' अक्षराचा क्रमांक 65. मेनफ्रेमच्या जुन्या लिपीत, तिला एबसिडिक म्हणतात, त्याच 'ए'चा क्रमांक 193. शिवाय तिथे अक्षरं सलग नाहीत. 'आय' आणि 'जे' यांच्यामध्ये मोकळी जागा, 'आर' आणि 'एस' यांच्यामध्येही मोकळी जागा. हाही पंच कार्डांचाच वारसा. मेनफ्रेमवरचा लिनक्स आतून पीसीचीच लिपी वापरतो, पण उंबरठ्यावर, म्हणजे कन्सोलवर, डिस्कच्या लेबलावर, त्याला एबसिडिक भेटतेच. फाइल पाठवणारा प्रोग्रॅम 'मजकूर' समजून कर्नलचं लिप्यंतर करायला बसला, तर अक्षर न् अक्षर बदलून जातं. मजकुराचं लिप्यंतर चालतं, यंत्रभाषेचं चालत नाही.

तिसरी गोष्ट मला फार आवडते, कारण ती समजावून सांगायला मराठी माणसासारखा श्रोता नाही. आपण 'पंचवीस' म्हणतो. आधी पाच, मग वीस. इंग्रज 'ट्वेंटी-फाइव्ह' म्हणतो. आधी वीस, मग पाच. आकडा तोच, क्रम उलटा. पीसीमधला इंटेलचा प्रोसेसर चार बाइटांचा आकडा मराठी पद्धतीने ठेवतो, लहान घर आधी. मेनफ्रेम इंग्रजी पद्धतीने ठेवते, मोठं घर आधी. पीसीवर लिहिलेला ड्रायव्हर डिस्कवरून आकडे वाचताना हा क्रम गृहीत धरून बसला असेल, तर मेनफ्रेमवर तो बिनतक्रार बिल्ड होतो, आणि 1 या आकड्याला 1,67,77,216 समजतो. मग तो एवढी मेमरी मागतो किंवा एवढ्या क्रमांकाच्या ठोकळ्याकडे धाव घेतो. बिल्डमध्ये न दिसणारी चूक ही दिसणाऱ्या चुकीपेक्षा वाईट. निदान दिसणारी चूक आपल्याला रात्री झोपू देते.

याच जातीची आणखी एक चूक आहे. सी भाषेत एका अक्षराच्या जागेत उणे आकडे मावतात की नाही, हे त्या भाषेने यंत्रावर सोडलं आहे. पीसीवर मावतात, मेनफ्रेमवर नाही. एखाद्या प्रोग्रॅमने 'उणे एक आलं की थांब' असं ठरवलं, आणि ते उणे एक अक्षराच्या जागेत ठेवलं, की मेनफ्रेमवर त्याचे 255 होतात. उणे एक कधी येत नाही, प्रोग्रॅम कधी थांबत नाही.

उलट, जे ड्रायव्हर बिल्डच होत नाहीत ते बरे. पीसीचे बरेचसे ड्रायव्हर हार्डवेअरच्या दारावर थेट थाप मारतात. मेनफ्रेमवर त्या काळी तसं दारच नव्हतं. तिथे सगळा व्यवहार 'चॅनल'मार्फत. ड्रायव्हरने काय काय करायचं त्याची यादी लिहून द्यायची, यंत्रातले वेगळे प्रोसेसर ती यादी घेऊन जातात, काम उरकतात आणि कळवतात. त्यामुळे पीसीचा ड्रायव्हर इथे कंपाइल करायला घेतला की चुकांची रांग लागते. तेव्हा मी तरुण मुलांना सांगतो, पडद्यावर शेवटी दिसते ती चूक वाचू नका, वर जाऊन सगळ्यात पहिली वाचा. खालच्या दोनशे तिचीच पिल्लं असतात.

काही वेळा बिल्ड उत्तम होतो, कर्नल चालतो, आणि तरीही यंत्र दमून जातं. लिनक्सचा कर्नल पूर्वी सेकंदाला शंभर वेळा जागा होऊन 'काही काम आहे का' पाहायचा. पीसीवर काही बिघडत नाही. पण एका मेनफ्रेमवर हजार पाहुणे झोपलेले असतील तर सेकंदाला एक लाख वेळा कुणीतरी डोळे उघडणार, आणि कामाचा तर पत्ता नाही. ब्योबलिंगेनच्या मार्टिन श्विडेफ्स्की यांनी एप्रिल 2001 मध्ये हा शंभराचा ठोका काढून टाकण्याची सूचना इतर कर्नलकारांपुढे ठेवली. मेनफ्रेमसाठी तशी सोय झाली, पण ती प्रश्नपत्रिकेतलं एक उत्तर होती. तिथे 'नाही' राहून गेलं की गिऱ्हाईक म्हणणार, लिनक्स मेनफ्रेमवर मंद चालतो. 2007 मध्ये तीच कल्पना साध्या पीसीच्या लिनक्समध्ये आली आणि लॅपटॉपची बॅटरी वाचू लागली. श्विडेफ्स्की मेनफ्रेमवरच्या लिनक्सची देखरेख अखेरपर्यंत करत राहिले. जून 2019 मध्ये अपघातात ते गेले. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून मुद्दाम घेतलं.

आता मी एक रात्र सांगतो. 2002 सालची. युरोपातली एक विमा कंपनी, नाव सांगत नाही. आम्ही पुण्यात रात्रपाळीला. त्यांच्याकडे मध्यरात्रीनंतर दुरुस्तीची वेळ, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. त्यांच्या तंत्रज्ञाने एका पाहुण्यावर नवा कर्नल बिल्ड केला होता. यंत्र सुरू झालं, पण नेटवर्क नाही. तो म्हणाला, ठीक आहे, जुन्या कर्नलवर परत जातो. गेला. तरीही नेटवर्क नाही. आता त्याचा आवाज बदलला. जुना कर्नल तर कालपर्यंत चालत होता!

आधी त्याच्या हातात काय उरलं ते सांगतो. नेटवर्क गेलं की पाहुण्याकडे जायचा एकच रस्ता, कन्सोल. तो टाइपरायटरचा वंशज. ओळ लिहायची, पाठवायची, उत्तर यायची वाट पाहायची. त्यावर व्हीआयसारखा पूर्ण पडद्याचा एडिटर चालत नाही. चाललेलं काम थांबवायला कंट्रोल-सी दाबता येत नाही. टोपीचं चिन्ह आणि 'सी' हे अक्षर असं चक्क टाइप करावं लागतं. पडदा भरला की कोपऱ्यात 'आणखी आहे' अशी खूण येते आणि आपण पान उलटेपर्यंत पुढचं दिसत नाही. कित्येकांना वाटतं, यंत्र अडकलं. यंत्र बिचारं पान उलटायची वाट पाहत असतं. आणि सर्वांत गंमत म्हणजे कन्सोलला पुन्हा जोडलं गेलं की काही ठिकाणी पाहुणाच थबकतो. त्याला 'बिगिन' म्हणून पुन्हा चालतं करावं लागतं. हे ठाऊक नसलेला माणूस तपासायला म्हणून जातो आणि चालतं यंत्र थांबवून येतो.

तर, आम्ही ओळीओळीने विचारत गेलो. मॉड्यूल ठेवायच्या डिरेक्टरीत काय आहे? डिस्कचे ड्रायव्हर आहेत. आणखी पुष्कळ आहेत. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नाही. फाइलच नाही. कुणी पुसली? कुणीच नाही. नव्या कर्नलला त्याने वेगळं नाव दिलं नव्हतं. आवृत्तीचं नाव जुनं तेच. त्यामुळे नवी मॉड्यूल बसवण्याची आज्ञा दिल्यावर ती जुन्याच डिरेक्टरीत आली. आणि 2.4 मालिकेच्या कर्नलमध्ये ती आज्ञा आधी तिथला कर्नलचा कप्पा झाडून साफ करते, मग सोर्समधून बांधलेलं सगळं नव्याने मांडते. दिवाळीची साफसफाई जशी. आता, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर सोर्समध्ये नव्हताच. तो बांधलेला, तयार, बंद डब्यासारखा मिळालेला होता. झाडलोटीत तो गेला, आणि परत मांडायला सोर्समध्ये काही नव्हतं. म्हणून नवा कर्नलही मुका आणि जुनाही मुका.

उपाय मेनफ्रेमनेच दिला. शेजारी त्याच जातीचा दुसरा पाहुणा धडधाकट चालू होता. बिघडलेल्या पाहुण्याला बंद केलं. त्याची डिस्क झेड/व्हीएमला सांगून शेजाऱ्याला जोडली. शेजाऱ्याकडे नेटवर्क होतं, व्हीआय होता, आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हरचा तो बंद डबाही होता. तिथून मॉड्यूलचा जुना संच जसाच्या तसा डिस्कवर उतरवला, डिस्क सोडवली, पाहुण्याला जुन्या कर्नलवर सुरू केलं. नेटवर्क आलं. पीसीच्या खोलीत याच कामासाठी स्क्रू ड्रायव्हर घेऊन डिस्क काढावी लागली असती. इथे पुण्यात बसून चार ओळींत झालं. सकाळी त्यांच्या लोकांनी विमा पॉलिसींची कामं नेहमीसारखी सुरू केली. नवा कर्नल मग वेगळ्या नावाने पुढच्या आठवड्यात पुन्हा बांधला, आणि त्याच्याशी जुळणारा ड्रायव्हर मिळाल्यावरच लावला.

मघाशी मी बंद डबा म्हणालो. त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मते या सगळ्यात खरा प्रश्न तोच होता. 1999 साली आयबीएमने मेनफ्रेमवरच्या लिनक्सचा सोर्स खुला केला, तरी काही ड्रायव्हर फक्त यंत्रभाषेत दिले. त्यांत नेटवर्कच्या ओएसए कार्डांचे ड्रायव्हर होते. उत्पादकाला आपल्या कार्डाची आतली रचना जगाला दाखवायची नसते, हे समजण्यासारखं आहे. पण बंद ड्रायव्हर एका विशिष्ट कर्नलला मापून शिवलेला असतो. कर्नलच्या आतली एखादी मांडणी तसूभर बदलली की दोघांचे खुणेचे आकडे जुळत नाहीत आणि कर्नल ड्रायव्हरला दारातच अडवतो. अडवतो ते बरंच करतो. आत घेतला असता तर चुकीच्या जागी लिहून सगळाच गोंधळ उडवला असता.

मार्च 2003 मध्ये लिनक्सच्या 2.2 आणि 2.4 या मालिकांत एक मोठं भोक सापडलं. यंत्रावर साधं खातं असलेला माणूस ते वापरून यंत्राचा मालक बनू शकत होता. भोक बुजवणारी दुरुस्ती लगेच प्रसिद्ध झाली. सोर्स खुला असण्याचा हाच तर फायदा. पीसीवाल्यांनी ती लावली, बिल्ड केलं, झालं. पण त्या दुरुस्तीने कर्नल प्रत्येक कामाची जी नोंद ठेवतो तिच्या मांडणीलाच हात लावला होता. म्हणजे ज्यांचं नेटवर्क बंद ड्रायव्हरवर चालत होतं त्यांच्यापुढे दोनच वाटा दिसत होत्या. भोक बुजवा आणि नेटवर्क घालवा, किंवा नेटवर्क ठेवा आणि भोक राहू द्या. बँकेच्या माणसाला यातली कुठलीही निवड सांगून बघा!

नव्या कर्नलला जुळणारा बंद ड्रायव्हर येईपर्यंत थांबणं ही एक गोष्ट. पण अशा वेळी करण्याजोगी तिसरी वाट होती, आणि ती मला अजूनही सुबक वाटते. पाहुण्यांना एकमेकांशी बोलायला झेड/व्हीएमच्या आत वेगळ्या आभासी तारा असतात. त्यांचे ड्रायव्हर खुले होते. मग खरं कार्ड एकाच्याच ताब्यात द्यायचं, झेड/व्हीएमच्या स्वतःच्या नेटवर्क व्यवस्थेकडे किंवा एका राखणदार पाहुण्याकडे. हे भोक वापरायला यंत्रावर खातं लागतं. राखणदाराकडे कुणाचंच खातं ठेवायचं नाही. त्याने जुना कर्नल आणि बंद ड्रायव्हर घेऊन फक्त टपाल इकडचं तिकडे करायचं. ज्या पाहुण्यांवर माणसांची ये-जा आहे त्यांचे कर्नल नव्याने बिल्ड करायचे, भोक बुजवायचं, आणि त्यांना खुल्या तारेने राखणदाराशी जोडायचं. चाळीत नळ एकच, पाणी सगळ्यांना. थोडा वेग कमी होतो, पण झोप लागते.

त्या ओएसए कार्डांचे मुख्य ड्रायव्हर, क्यूडीआयओ आणि क्यूईटीएच, आयबीएमने 2003 सालातच खुल्या परवान्याखाली आणले. आज ते कर्नलच्या सोर्सचाच भाग आहेत. कर्नल बदलला की तेही त्याच्याबरोबर बांधले जातात, झाडलोटीनंतर आपोआप परत मांडले जातात. माझ्या कामातल्या तक्रारींची एक अख्खी जात त्यानंतर हळूहळू नाहीशी झाली. यापुढे कुणी मला विचारलं की सोर्स खुला असल्याने सामान्य गिऱ्हाइकाला काय मिळतं, तो थोडाच वाचणार आहे, तर मी हेच सांगतो. त्याने वाचायची गरज नाही. त्याच्या वतीने दुरुस्ती करणाऱ्याला ते उघडता आलं पाहिजे. घड्याळजी आपल्याला पुर्जे शिकवत नाही, पण त्याला मागचं झाकण उघडता यावं लागतं.

एक तक्रार मात्र खुल्या सोर्सनेही गेली नाही. ती आहे 'झिपल'ची. मेनफ्रेमवर लिनक्स सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला कर्नलची फाइल नावाने शोधता येत नाही. ती डिस्कच्या कुठल्या कुठल्या ठोकळ्यांत आहे त्याची यादी झिपल ही आज्ञा आधी लिहून ठेवते. नवा कर्नल जागेवर ठेवला आणि झिपल चालवायला विसरलं, तर यादी जुन्याच ठोकळ्यांची राहते. जुने ठोकळे कुणी वापरले नसतील तोवर यंत्र जुन्या कर्नलवर मजेत सुरू होतं, आणि माणूस समजतो, नवा चालला. कधी तीन आठवड्यांनी त्या जागेवर दुसरीच फाइल लिहिली जाते आणि पुढच्या वेळी सुरू होताना यंत्र ठप्प. घर बदललेल्या माणसाने पोस्टात कळवलं नाही, तर काही दिवस जुने शेजारी पत्रं ठेवून घेतात, तसं हे. म्हणून नव्या कर्नलवर यंत्र सुरू झालं की पहिलं काम, त्यालाच विचारायचं, तुझी आवृत्ती कुठली, आणि तुला बांधलं कधी? कर्नलला स्वतःची जन्मतारीख ठाऊक असते.

हे सगळं ऐकून एखाद्या विद्यार्थ्याला वाटेल, आपल्याला कुठे मेनफ्रेम मिळणार? मिळते. रॉजर बाउलर यांनी 1999 मध्ये हर्क्युलिस नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो साध्या पीसीला मेनफ्रेमचं सोंग घ्यायला लावतो. फुकट आहे. त्यावर लिनक्स चालतो, हळू चालतो, पण ज्या चुका मी सांगितल्या त्यांतल्या बऱ्याच तिथे घरबसल्या करून पाहता येतात, आणि कुणाच्या विमा पॉलिसींना धक्का लागत नाही. जुना धडा हवा असेल तर 31-बिटांचा कर्नल बांधून पाहावा. तो आधार लिनक्सने 2015 मध्ये काढून टाकला, तेव्हा त्यासाठी त्याआधीची आवृत्ती घ्यावी लागेल.

आणि सुरू होताना कन्सोलवरच्या पहिल्या काही ओळी नीट वाचा. मेनफ्रेमवरचा लिनक्स तिथे स्वतःच सांगतो की तो झेड/व्हीएमचा पाहुणा आहे, की थेट यंत्रावर चालतो आहे. माझ्या घरी डायनिंग टेबलाखाली ठेवलेल्या जुन्या पीसीवर, हर्क्युलिसच्या आत, तो दर वेळी मोठ्या विश्वासाने लिहितो की आपण थेट, खऱ्या यंत्रावर चालत आहोत.